फुंकणी धरायला दाढा

"दात माझे तोंडातले गेले, आणि तुमी नाकाचा कित्याक सांगतास, बाय?"

"नाकाचं नाही सांगत, काका. हे बघा." डॉक्टर दीप्तीनं स्क्रीन त्याच्याकडे वळवला. "गालाच्या हाडामागं ही काळी पोकळी दिसते ना, तिला सायनस म्हणतात. वरच्या दाढा असतात तोवर ती जागेवर असते. तुम्ही डावीकडच्या तीन दाढा काढल्यात आणि नऊ वर्षं तसेच बसलात. हाड झिजलं, पोकळी खाली उतरली. आता स्क्रू बसवायला उरलंय ते तीन मिलिमीटर."

"तीन मिलिमीटरात मी नाव कोरतंय."

"तुम्ही कोरत असाल. मला दहा लागतात."

मुलुंडच्या त्या दवाखान्यात एसी एवढा गार, की दशरथ पेडणेकरनं हात मांड्यांखाली घातले होते. बोटं काळी, नखांच्या कडा जळलेल्या. वय सत्तावन्न. गाव वेंगुर्ल्याकडचं. बाप गिरणीत होता, गिरणी बंद पडली तशी चौदाव्या वर्षी मामाच्या हाताखाली घाटकोपरला सोनारकामाला बसला, तो बसलाच. भटवाडीत जिन्याखालची पाच फुटांची जागा त्याची. नवे दागिने लोक शोरूममधून घेतात. दशरथकडे येतं ते मोडलेलं. तुटलेल्या कड्या, साखळ्यांचे निखळलेले फासे, मंगळसूत्रांच्या दबलेल्या वाट्या.

डॉक्टरणीनं सगळं समजावून सांगितलं. हिरडीच्या वर बाजूनं हाडाला छोटी खिडकी पाडायची. आत अंड्याच्या कवचाखाली असतो तसा पापुद्रा असतो, तो न फाडता वर उचलायचा. खाली जी जागा होईल तिच्यात हाडाची भुकटी भरायची आणि शिवून टाकायचं. सहा-आठ महिन्यांत भुकटीचं हाड होतं. मग स्क्रू, मग दात.

"हाडाची भुकटी? कोणाच्या हाडाची?"

"कारखान्यात बनवलेली, काका. सगळेच विचारतात, म्हणून मी दुसरी ठेवतच नाही."

"बरा."

"आणि दात कशाला हवेत तुम्हाला? म्हणजे त्रास काय होतो जास्त?"

"चणे खावक गावत नाय," दशरथ म्हणाला.

हे खोटं होतं. चणे त्याला कधीच आवडले नव्हते. त्याला दात हवे होते ते फुंकणी धरायला. पितळेची वीतभर नळी, टोकाला वाकडी. ती दाढांच्या कोपऱ्यात चावून धरायची, समोर दिव्याची ज्योत, एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात डाखाचा, म्हणजे सांधा जोडायच्या धातूचा, तुकडा. फुंकरीनं ज्योत सुईसारखी करून नेमकी सांध्यावर नेली, की डाख वितळतो आणि कडी जुळते. दोन्ही हात मोकळे राहतात ते दाढांच्या जिवावर. चौतीस वर्षं पितळ चावून त्याच्या डाव्या दाढा गेल्या. नंतर त्यानं फुंकणी उजवीकडे नेली. गेल्या वर्षी उजवीकडच्याही हलायला लागल्या. कवळी करून बघितली, तर गाल फुगवला की ती टाळूवरून सुटायची आणि फुंकणीसकट बाहेर यायची. दोनदा दिव्यात पडली.

उजव्या गेल्या की कामही गेलं, हे त्याला पक्कं माहीत होतं. पण फुंकायला दात पाहिजेत असं शिकल्यासवरल्या मुलीला सांगायचं म्हणजे ती हसणार. म्हणून चणे.

तो सोनारकाम करतो हे डॉक्टरणीला ठाऊक होतं. पण हल्ली सगळे गॅसच्या बत्तीवर डाख लावतात, तोंडानं फुंकणारा कोणी शिल्लक असेल असं तिच्या मनातही आलं नसावं. ऑपरेशन झाल्यावर तिनं दोनदा बजावलं. महिनाभर नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. स्ट्रॉनं प्यायचं नाही, विडी नाही, जड उचलायचं नाही. "फुगे फुगवणं, शंख-बिंख वाजवणं, असलं काही करत नाही ना तुम्ही?"

सुजल्या तोंडानं दशरथनं मान हलवली. नाही. शंख कोण वाजवतो?

घरी दहा दिवस पेज आणि मऊ भात. बायको, रुक्मिणी, म्हणाली, "तोंड बंद तर घरात काय शांतता हा! आदीच शिवून घेवचा होता."

"तुजापण शिवून घेवया. दोघांक स्वस्तात करून देईत."

अकराव्या दिवशी तो कामावर गेला. रुक्मिणीनं दम भरला, "फुंकू नको हां." तो म्हणाला, मणी ओवायला बसतो, पॉलिश करतो, बाकी काय नाय. आणि खरंच दीड दिवस तेच केलं.

बाराव्या दिवशी दुपारी शुभा वहिनी आल्या. समोरच्या बिल्डिंगमधल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. पदराखाली मूठ घट्ट धरलेली.

"दशरथ, मंगळसूत्र वाढवलंय रे. वाटीची कडी गेली."

मंगळसूत्र तुटलं असं कोणी म्हणत नाही, वाढवलं म्हणतात. आणि ते सोनाराकडे ठेवून घरीही जात नाहीत. बाई समोर बसते, सोनारानं हातातलं काम बाजूला सारायचं, जुळवून द्यायचं, मग ती गळ्यात घालून उठते. मामानं त्याला पहिल्या वर्षी शिकवलेली रीत ती.

"वयनी, माका डॉक्टरनी... उद्या सकाळी देतंय."

"उद्या? आणि मी बोडक्या गळ्यानं घरी जाऊ? सासूबाई दारातच खुर्ची टाकून बसल्यात. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत, पण नजर बघ त्यांची!"

"त्या रस्त्यापलीकडच्या जयवंत सोनाराकडे जावा. त्याच्याकडे गॅस हा."

"त्यानं माझ्या बहिणीचा फासा जाळला. मी बसते. तू कर सावकाश."

आणि त्या स्टुलावर बसल्या, पर्स मांडीवर.

दशरथनं हिशेब केला, तो असा. जखम डावीकडे, फुंकणी धरायची उजवीकडे. शिवाय सोनार फुंकतो तो गालानं. गालात हवा भरून ठेवायची, ती हळूहळू सोडायची, त्याच वेळी नाकानं नवा श्वास घ्यायचा. ज्योत तुटत नाही. म्हणजे नाकावर जोर काहीच नाही. डॉक्टरबाईनं सांगितलं ते नाक शिंकरू नका. नाक कोण शिंकरतो?

त्यानं दिवा लावला. कोळशावर वाटी ठेवली, सांध्याला सवागीचं, म्हणजे पांढऱ्या टाकणखाराचं, पाणी लावलं, डाखाचा कण ठेवला. फुंकणी उजव्या दाढांत धरली. पहिली फुंकर बारीकच मारली. वाटी लाल होईना. दुसरी जरा लांब.

डाव्या गालात आत कुठंतरी फुस्स झालं. सायकलची ट्यूब बसते तसं. दुखलं नाही. नाकातून गरम वारा गेला आणि तोंडात खारट चव आली. पण डाख त्याच क्षणी वितळून सांध्यात शिरला होता, तेव्हा कसं थांबणार? आणखी दोन श्वास फुंकून त्यानं काम पुरं केलं. वाटी पाण्यात सोडायला वाकला, तर नाकातून रक्ताचे दोन थेंब कोळशावर पडले. रक्तात पांढरे बारीक कण.

सवागी नाकात गेली, असं त्याला वाटलं.

शुभा वहिनींनी मंगळसूत्र गळ्यात घातलं आणि म्हणाल्या, "बघ, झालं की नाही? उगाच नखरे."

दुसऱ्या दिवशी डावा डोळा अर्धा मिटला एवढी सूज. दीप्ती डॉक्टरनं तोंडात आरसा घातला आणि विचारलं, "काय केलंत?"

"काय नाय."

"काका, टाके उघडलेत. पावडर नाकातून बाहेर येतेय. काहीतरी केलंत."

मग त्यानं हातानं नळी धरल्याचं दाखवलं, गाल फुगवला आणि विव्हळला. म्हणाला, "गालान फुंकतंय, नाकान नाय. नि फुंकणी उजवीकडे होती."

तिनं आरसा ट्रेमध्ये ठेवला. मग दमल्या आवाजात म्हणाली, "आत सगळा एकच दाब असतो. उजवीकडून फुंका नाहीतर कुठूनही. मी विचारलं होतं तुम्हाला."

"तुमी शंखाचा इचारलास."

हसू दोघांनाही आलं नाही. भरलेली सगळी भुकटी काढावी लागली. पापुद्रा फाटला होता, तो भरून येईपर्यंत चार महिने थांबायचं, मग पुन्हा खिडकी, पुन्हा भुकटी, पुन्हा आठ महिने. दात येईपर्यंत दीड वर्ष. "तोवर फुंकणी बंद. एकदासुद्धा नाही. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी पुन्हा हात लावणार नाही. चणे काय, भिजवूनही खाता येतात."

"चणे नाय," दशरथ म्हणाला. "फुंकूक होये होते दात." आणि काय ते सगळं सांगितलं. ती हसली नाही. वहीत काहीतरी लिहून घेतलं.

"मग फुंकू नका," ती म्हणाली. "फुंकायचं असेल तर."

रुक्मिणी जिन्याखाली येऊन म्हणाली, "मी फुंकतंय. जन्मभर चुलीत फुंकलंय." दशरथनं नळी दिली. तिनं अशी फुंकर घातली, की ज्योत चिमट्यावर आली आणि त्याचा अंगठा पोळला. दुसऱ्यांदा दिवाच विझला. तिसऱ्यांदा तिला धाप लागली आणि ती खाली बसली. "मायझया, ह्या त्रेचाळीस वर्सां केलंस?" एवढंच म्हणाली आणि नळी परत दिली.

सोमवारी तो रस्ता ओलांडून जयवंताच्या दुकानात गेला. वीस वर्षं त्या माणसाशी धड बोलला नव्हता. हातात गिऱ्हाइकाचं मंगळसूत्र होतं, बाई मागं उभी.

"डाख लावून दी," दशरथ म्हणाला. "हयच उभो रवतंय. ठेवून जावचा नाय."

"ये रे ये, दशा. तोंडाक सुट्टी दिलंस वाटता." जयवंतानं बत्ती पेटवली, पायानं भाता दाबला. निळी ज्योत भस्सकन आली. कडी जुळली, दोन मिनिटांत. सांध्यावर डाखाचा गोळा तांदळाएवढा.

दशरथनं तो बघितला. बाईला घेऊन जिन्याखाली आला, तिला स्टूल दिलं. चष्मा लावला, कडी चिमट्यात धरली आणि बारीक कानस घेऊन जयवंताचा गोळा घासायला बसला.