टाकीतले मासे

मी अन् माही बायको सुभद्रा, आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चोरी. तीही आमच्याच अंगणातल्या टाकीतून!

त्या सिमेंटच्या टाकीत गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईनं, म्हंजे आमच्या मंदाबाईनं, गप्पी मासे सोडले होते. "काकाजी, हे डासाच्या अळ्या खातात. डेंगू होत नाई. यायले हात लावू नोका!"

आता मासा दिसला की आमाले आधी तेलच आठवते! दोन महिने रोज वाकून पाह्यलं. बोटाच्या पेराहून मोठा एक मासा होईना. (सरकारी मासे, वाढतीन कशाले!)

"अवो, हे असेच बुढे होतीन," सुभद्रा म्हणाली.

"मंग काढ कढई!"

जुन्या लुगड्यानं दोघांनी टाकी गाळली. मी अर्धा आत पडलो. सारे मासे तळले, तं झाले पळीभर! तिनं आपला वाटा माह्या ताटात लोटला. "मले काटे टोचतात." (त्या माशाले काटा कुठचा!)

महिनाभरानं ती तापानं फणफणली. तिसऱ्या दिवशी मंदाबाईनं बोट टोचून पाह्यलं, मलेरिया नव्हता. "काकाजी, टाकीत मासे हायेत ना?"

"हायेत ना! ठणठणीत!" म्हणत मी टाकीच्या कठड्यावर आडवा बसलो, तिनं आत पाहू नये म्हणून. आत अळ्या नाचून राह्यल्या होत्या. खाटेवरून सुभद्रा पदर तोंडाले लावून हासत होती.

"मंग थांबा एक दिवस. उतरला नाई तं अहेरीच्या दवाखान्यात नेऊन रक्त तपासा."

दुसऱ्या दिवशी ताप उतरला! मी गल्लीभर सांगत फिरलो, "पाहा, बिना दवाखान्याचा उतरवला!"

"अवो, हातपाय थंडे पडून राह्यले," ती म्हणाली.

"ताप गेला तं थंडेच होतीन ना, येडे!"

संध्याकाळी हिरड्यातून रक्त आलं, तवा अहेरीले नेलं. डॉक्टर म्हणाले, "डेंगू आहे. ताप उतरतो तेव्हाच खरा धोका असतो. का थांबलात?" ती घरी आली ते चौघांच्या खांद्यावर जायलेच.

तिले जाळून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मंदाबाईच्या दारात उभा राह्यलो. "बाई, मासे आमी खाल्ले. मी खोटं बोललो. दे मले शिव्या."

तिनं डोळे पुसले, अन् चहा मांडला.

शिव्या खायले गेलेला माणूस चहा पिऊन परत आला. त्यातही निर्लज्ज इतका, की म्हणलो, "बाई, साखर कमी हाये."