पऱ्हाटीच्या राखेचे ठोकळे

जळगावात आमच्या शेजारच्या नव्या स्लॅबवर पाणी मारलं, की ओल्या सिमेंटचा वास खिडकीतून आत येतो आणि धुळ्यातल्या देवपूरची ती प्रयोगशाळा आठवते.

माझी मैत्रीण सुनंदा तिथे संशोधन करत होती. थोड्या सिमेंटऐवजी पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांची राख घातली तर काँक्रीट किती भार सोसतं, हा तिचा विषय. राख दोंडाईच्याजवळच्या गावाहून तिचे वडील, आबा, पाठवत. शेवटच्या चाचणीला ते स्वतः आले होते, आणि सोबतीला मीही.

काँक्रीटचा ठोकळा दाबणाऱ्या यंत्राचा काटा जेमतेम चढला, कोरडा आवाज झाला आणि ठोकळा फुटला. पुढचेही तसेच फुटले.

"आधीचे टिकले होते. या वेळी काय बदललं?" तिच्या मार्गदर्शक सरांनी विचारलं.

आबा उत्साहाने म्हणाले, "राख कमी पडनी. मंग चुल्हानी गोवऱ्यासनी राख टाकी दिन्ही. पोतं गच्च भरनं."



"सर, हे निकाल धरता येणार नाहीत. मी नवे ठोकळे करते," सुनंदा म्हणाली.

"पक्के व्हायला ते महिनाभर पाण्यात राहणार. तोवर प्रबंधाची मुदत संपेल."

"हो सर." मग ती वडिलांकडे वळली. "आबा, पोतं अर्धं चालेल. राख मात्र नुसती पऱ्हाटीची."

आबा खाली बसले आणि फुटलेले तुकडे घमेल्यात भरू लागले. तेव्हा मला ती मदत वाटली होती. आज वाटतं, लेकीच्या तोंडाकडे बघावं लागू नये म्हणून ते बारीक खडेसुद्धा वेचत राहिले.