कीबोर्डवरचा डबा

मी शाळेतला क्लार्क. जेवणाचा डबा कीबोर्डच्या कोपऱ्यावर ठेवला आणि एस्केपचं बटण दाबलेलंच राहिलं. प्रवेशाच्या प्रोग्राममधली तालुक्यांची यादी उघडली की लगेच मिटायची. प्रोग्रामच बोगस आहे, असं मी मुख्याध्यापकांना सांगून मोकळा झालो.

प्रोग्राम करणारा अहमदपूरहून आला. माऊस धरण्याआधी तो नेहमी शर्टाला हात पुसायचा आणि कुणी काही सांगितलं की "हाव, हाव" म्हणायचा. त्यानं डबा अलगद उचलून माझ्या हातात दिला, यादीतून चाकूर निवडून दाखवलं. मग मुख्याध्यापक आल्यावर त्यांना म्हणाला,

"माझ्याच प्रोग्रामात गडबड होती, सर."

सरांनी पुढचं काम दुसऱ्याला दिलं. मी डबा उघडून जेवायला बसलो.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, "उद्या डबा मिळणार नाही. आधी सरांना खरं सांगून या."