गौरीजेवणाच्या सकाळचे फोन

गेल्या वर्षी गौरीजेवणाच्या दिवशी सकाळी काकूंनी कसबा पेठेतल्या तीन घरांना फोन केले. आपल्याला पाळी आली आहे, हे त्यांनी तिन्ही घरी सांगितलं. तीनपैकी एक घर आमचं. फोन माझ्या सासूबाईंनी घेतला.

"अहो, पण सांगितलंत कशाला?" सासूबाई म्हणाल्या.

काकू आमच्या नात्यातल्या नव्हेत. सणावाराला घरोघरी स्वयंपाकाला जाणाऱ्या बाई. वय चाळिशीचं, तरी आजीपासून नातवापर्यंत सगळे त्यांना काकूच म्हणत. पुरणात डाव उभा करायचा, दोन्ही हात कमरेवर ठेवून त्याच्याकडे बघत राहायचं आणि तो पडला नाही की म्हणायचं, "उभा आहे. घ्या वाटायला." अशा एक काकू तुमच्याही ओळखीत असतील.

फरक एवढाच, की आमच्या काकूंना तारीख विचारावी लागत नसे. सोवळ्यातला स्वयंपाक सांगायचा तर बाईची पाळी केव्हा, हे आधी विचारून घेण्याची पेठेत रीत आहे. काकूंना पहिल्यांदा कोणी विचारलं, की त्या म्हणत, "आमच्याकडे तो प्रश्नच येत नाही." ते जवळजवळ खरं होतं. वजन फार, त्यामुळे वर्षाकाठी एखाद-दुसऱ्या वेळी पाळी येई, तीही सण चुकवून. हा आजार आहे असं कोणी म्हटलं नाही. उलट ती त्यांची लायकी धरली गेली. "काकू मिळाल्या का? मग काळजी नाही," असं बायका एकमेकींना सांगत.

पुढे साखर वाढली, गुडघे गेले. जिना चढताना त्या प्रत्येक मजल्यावर थांबायला लागल्या. डॉक्टरांनी वजन उतरवायला पोटाच्या शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. काकूंनी ती करून घेतली आणि काही महिन्यांत त्या निम्म्या दिसू लागल्या.

पेठेला हे आवडलं नाही. आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा त्यांना तोंडावर म्हणाले, "स्वयंपाकीण बारीक दिसली की जेवणाचा भरवसा वाटत नाही."

"मग वाढताना वजनकाटा ठेवते तुमच्या पानाशेजारी," काकू म्हणाल्या आणि जिना न थांबता चढून गेल्या.

शस्त्रक्रियेनंतर त्यांना गोड सोसत नसे. बोटभर पुरण खाल्लं तरी घाम फुटून गरगरायचं. त्या वासावरून अंदाज घेत आणि चव बघायला मला बोलावत. मी "छान" म्हटलं की चिडत. "छान काय? गूळ कमी की जास्त, ते सांग. पेपरात बातमीही अशीच लिहितेस का?"

मग पाळी सुरू झाली. हे त्यांनी मला जिन्यात सांगितलं, एखादा पाहुणा न कळवता आल्यासारखं. आधी महिन्याने आली, मग पंधरा दिवसांनी, मग दीड महिन्याने. रक्तस्राव इतका, की एका बारशाचा स्वयंपाक अर्ध्यावर सोडून घरी जावं लागलं. डॉक्टरांनी तपासणी केली, रक्तवाढीचं औषध दिलं आणि सांगितलं, की चरबी उतरली की शरीरातल्या संप्रेरकांचं प्रमाण बदलतं. जवळजवळ बंद असलेली पाळी परत येणं चांगलं आहे, नियमित व्हायला वेळ लागेल.

"चांगलं आहे म्हणे," काकू मला म्हणाल्या. "त्यांना म्हटलं, तुम्ही या आमच्या पेठेत आणि सांगा चांगलं आहे."

श्रावणात सासूबाईंनी उपाय काढला. "गौरीपुरती पाळी पुढे ढकलायची गोळी घ्या. सगळ्या घेतात."

काकूंनी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी नको म्हणून सांगितलं. या शस्त्रक्रियेनंतर पोटात घेतलेली गोळी पूर्ण लागू पडेलच असं नाही आणि काकूंच्या प्रकृतीला तिचा धोकाही होता. काकूंनी गोळी घेतली नाही. सासूबाईंना तसं सांगितलंही. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरांचं काय जातंय? त्यांच्याकडे गौरी बसत नाहीत."

त्या सकाळी फोनवर सासूबाईंचा आवाज चढला होता. मी शेजारी उभी होते. ओट्यावर हरभराडाळ धुऊन ठेवलेली होती.

"सांगितलं नसतंत तर आम्हाला कळलं नसतं. आता कळल्यावर कसं चालेल?"

"वहिनी, काल तुम्ही विचारलंत, सगळं ठीक ना? मी हो म्हटलं. काल ते खरं होतं."

"मग आजही तेच धरायचं!"

"कसं धरू? इतकी वर्षं माझ्या शब्दावर तुम्ही नैवेद्य दाखवलात. खोटंच चालणार होतं, तर दर वेळी 'सगळं ठीक ना' विचारत कशाला होतात?"

सासूबाईंनी फोन ठेवला. दुसऱ्या घरच्यांनी "या, पण शेजारी बोलू नका" असं सुचवलं होतं; पण त्या शेजारच्यांना काकूंनी आधीच फोन केला होता. तीनपैकी उरलेलं घर ते. तिथल्यांनी "मग नको" म्हणून फोन ठेवला होता.

पुरण सासूबाईंनी आणि मी केलं. ते सैल झालं. पोळ्या तव्यावर फुटल्या. नैवेद्याला दुपारचे तीन वाजले आणि त्याचा दोष जेवणं होईपर्यंत काकूंनाच दिला गेला.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, पोटाशी गरम पाण्याची पिशवी. मी काही विचारण्याआधीच म्हणाल्या, "आजारी होते तेव्हा सोवळ्यात चालत होते. बरी झाले तर दारात उभं करत नाहीत. तू शिकलेली आहेस, सांग बघू यातलं मला काय कळत नाहीये ते."

मग त्या चहा टाकायला उठल्या.

त्यानंतर पेठेतली कामं एकेक करून सुटली. जिथून बोलावणं येई, तिथे आता आधी तारीख विचारत. काकूंनी अट घातली : विचारायचं नाही. विचारलंत तर येणार नाही.

यंदा गणपतीआधी सासूबाईंनी स्वतः फोन लावला. तब्येत विचारली, पावसाबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, "गौरींना याल ना? म्हणजे, त्या दिवसांत तुमचं..."

"वहिनी," काकू म्हणाल्या, "पाळी आता दर महिन्याला येते. कधी, ते मी सांगणार नाही. येऊ का?"

सासूबाई म्हणाल्या, "घरात विचारून कळवते."

घरात कोणाला विचारलं नाही. कळवलंही नाही.

गौरीजेवणाच्या दिवशी पुरणपोळ्या दुकानातून आणल्या. काकू त्या दिवशी शहराबाहेर मांजरी गावात, नव्या वसाहतीतल्या एका घरी स्वयंपाकाला गेल्या होत्या. कसबा पेठेतलं एकही घर त्यांच्याकडे नव्हतं.