काकू उतरेपर्यंत

पलूसच्या आमच्या महिला गीतमंचाला कीबोर्डची साथ एक निवृत्त फौजी करतात. पूर्वी ते लष्कराच्या बँडमध्ये होते. रुमालाने पट्ट्या पुसून झाल्या की ते "सावधान" म्हणतात आणि आम्ही बसल्याजागी ताठ होतो.

एका ओळीच्या शेवटी ते कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले तीन सूर, बदलतात. तेव्हा आम्ही सगळ्यांनी एक सूर खाली यायचं असतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या काकू मात्र आधीच्याच सुरावर रेंगाळत. कार्यक्रम तोंडावर आला, तेव्हा काकूंना वगळू या, असं मी फौजींना म्हटलं.

"आवं, सूर कॉर्डच्या भाईरचा हाय, चुकीचा न्हाई. आदी टोचतो, मग उतरला की लय ग्वाड लागतो. उतरत्यात न्हवं काकू?"

पुढच्या तालमीत त्यांनी काकूंना मुद्दाम रेंगाळायला सांगितलं, तर काकू घाबरून वेळेत उतरल्या. "आता ओ काय झालं?" ते वैतागले.

कार्यक्रमात कॉर्ड बदलली, आम्ही उतरलो, काकू वरच राहिल्या. फौजींनी बोटं उचलली नाहीत. कॉर्ड धरून ते काकूंकडे बघत राहिले. काकू सावकाश उतरल्या, टोचणारा सूर गोड झाला, तेव्हाच फौजींनी पुढची ओळ घेतली.

नंतर कीबोर्ड झाकताना मला म्हणाले, "आता वगळा बघू त्यास्नी."