फ्लॉरेन्सचा ओटा

खिडकीच्या काचेला तळहात टेकवला तर चटका बसावा, अशी शारजातली ऑगस्टची संध्याकाळ. खाली खालिद लगूनचं पाणी वितळलेल्या शिशासारखं निश्चल, पलीकडच्या टॉवरांच्या कडा बाष्पात विरघळलेल्या, आणि त्या साऱ्या करड्या, घामेजल्या विश्वात एकच लाल गोष्ट: माझ्या फोनच्या पडद्यावरचा फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट. विटकरी कौलांचा, पांढऱ्या फासळ्यांचा, शहराच्या छपरांमधून एखाद्या महाकाय डाळिंबासारखा वर आलेला. किती भव्य, किती देखणा! आणि त्या दिवशी तो मला इतका नकोसा झाला होता, काय सांगू तुम्हाला!

कारण तो घुमट इब्राहिमचाचांना त्यांच्या घरावर हवा होता.

मी आर्किटेक्ट. इब्राहिमचाचा मूळचे रायगडचे, दुबईतल्या इंटरनॅशनल सिटी वस्तीजवळच्या घाऊक बाजारात त्यांचं टाइल्सचं दुकान. उभी हयात इथे काढून आता त्यांना कायमचं गावी परतायचं होतं, आणि खाडीकाठच्या त्या गावात, रस्त्यालगत बांधायच्या घराचे नकाशे त्यांनी विश्वासाने माझ्याकडे सोपवले होते. मधल्या काळात ते टाइल्सच्या प्रदर्शनासाठी इटलीला गेले, सोबत हलीमाचाचींना नेलं, परतताना दोन दिवस फ्लॉरेन्स पाहिलं, आणि तिथून माझ्या छळाला सुरुवात झाली.

आधी आला घुमट. मग कॅथेड्रलशेजारचं ते हिरव्या-गुलाबी-पांढऱ्या संगमरवराचं घंटाघर. त्यात म्हणे पाण्याची टाकी छान लपेल! मग समोरच्या अष्टकोनी देवळाचे सोनेरी दरवाजे, घराच्या फाटकासाठी. शेवटी नदीवरचा तो दुकानांनी गजबजलेला जुना पूल. परसामागच्या पऱ्यावर ‘असाच, पण लहान’. शतकानुशतकं ज्या वास्तू पाहायला जग लोटतं, त्या चाचा नाश्त्याच्या प्लेटसारख्या मागवत होते, आणि माझी मुलगी माझ्या खांद्यावरून पडद्यात डोकावून विचारत होती, "आई, who wants a church on a house?"

"चाचा, कोकणातला पाऊस त्या घुमटाने जन्मात पाहिलेला नाही," मी परोपरीने समजावलं. "शेवाळ धरेल, सांध्यांतून गळेल. दर पावसाळ्यात कोण चढणार त्याच्यावर?"

"ताई, सहाशे वर्षांपूर्वी त्या लोकांनी बांधला. कॉम्प्युटर नव्हता त्यांच्याकडे. तुमच्याकडे तर आहे!"

वैताग माझ्या नसानसांत भिनला होता. एवढं अफाट छत पेलायचं कसं, हे कुणाला ठाऊक नसतानाही ज्या शहराने आपलं कॅथेड्रल वर्षानुवर्षं उघडं ठेवून वाट पाहिली, त्या शहराच्या धीराची ती आकृती. ती पोस्टरसारखी सोलून दुसरीकडे चिकटवता येते का? पण हा प्रश्न मी कोणाला विचारत होते! ज्या देशात मी पोट भरते, तिथे व्हिलांच्या दाराशी रोमन खांब उभे आहेत आणि मॉलमधल्या कालव्यांतून होड्या फिरतात. चाचांनी उघड्या डोळ्यांनी जे पाहिलं, तेच मागितलं. तरीही माझी चिडचिड काही केल्या शमेना.

अखेर एका शुक्रवारी मी नकाशांची गुंडाळी उचलली आणि आमच्याच वस्तीतल्या, अल मजाजमधल्या त्यांच्या फ्लॅटवर गेले. आज सोक्षमोक्ष. घुमटाविना नकाशाला हो म्हणा, नाहीतर दुसरा आर्किटेक्ट शोधा. चाचा उत्साहाने घुमटाचे नवे फोटो दाखवू लागले. हलीमाचाची नेहमीप्रमाणे चहा ठेवून बाजूला बसल्या. इतक्या बैठकांत त्यांचा शब्द मी ऐकलाच नव्हता. आणि खरं सांगते, केवळ कंटाळून, चाचांना क्षणभर थांबवण्यासाठी मी त्यांच्याकडे वळले.

"चाची, तुम्हीच सांगा. तुम्हाला काय आवडलं फ्लॉरेन्समध्ये? हाच घुमट ना?"

"तो?" चाची म्हणाल्या. "तो बघायला मान मोडावी लागते. मला ती बसायची जागा आवडली."

"कुठली बसायची जागा?"

"ते मोठे मोठे दगडी वाडे नाहीत का, किल्ल्यासारखे? त्यांच्या भिंतीला खालून दगडाचा ओटा आहे, रस्त्याच्या बाजूने. हे फोटो काढत फिरत होते. माझे पाय गळून गेले, म्हणून मी बसले. म्हटलं आता कोणीतरी उठवेल. कोणी उठवलं नाही. मग एक म्हातारी आली, भाजीची पिशवी घेऊन. ती पण बसली. तिने मला संत्रं दिलं. ती तिच्या भाषेत बोलली, मी माझ्या." चाची जराशा हसल्या. "तासभर बोललो असू."

ते वाडे मला ठाऊक होते! फ्लॉरेन्सच्या धनाढ्य व्यापाऱ्यांचे, खडबडीत दगडांचे, उग्र चेहऱ्यांचे प्रासाद. कॉलेजात असताना त्यांच्या दर्शनी भिंतींची कितीतरी रेखाटनं मी केली होती. कमानी काढल्या, छज्जे काढले. आणि पायाशी असलेला तो ओटा? तो माझ्या कागदावर तळाची एक आडवी रेघ होता. एवढ्या बलाढ्य घराने आपल्या भिंतीचा हातभर भाग रस्त्याला देऊन टाकला होता, की येणाऱ्या-जाणाऱ्याने टेकावं. वास्तूचं औदार्य मोजायचं कुठे, तिच्या शिखरावर की तिच्या पायाशी?

"गावात असा ओटा पायजे मला," चाची म्हणाल्या. "इथे आयुष्य गेलं. दार उघडलं की समोर लिफ्ट. लिफ्टशी काय बोलणार?"

चाचांचा चेहरा उतरला, मग तापला. "लोक काय म्हणतील? एवढी वर्षं गल्फमध्ये राहिला आणि येऊन ओटा बांधला! ओटा तर आपल्या गावात कोणाकडेही असतो."

"लोक बोलतील ते बसल्यावर बोलतील ना? आधी बसायला तर येऊ दे त्यांना!"

चाचा उठले. "नमाजची वेळ झाली," एवढंच म्हणाले. दारापाशी मी विचारलं, "चाचा, मग काय ठरवायचं?" त्यांनी माझ्याकडे न पाहता उत्तर दिलं, "बघू. इन्शाल्ला."

त्यानंतर फोन मुका झाला. घुमट नाही, घंटाघर नाही, पूल नाही. ज्या संदेशांनी मला जेरीस आणलं होतं, त्यांचीच मी वाट पाहू लागले, आणि या विसंगतीनेही मला वैताग आला. चाचा दुखावले असतील का? मी नवरा-बायकोच्या मध्ये पडले का? काम दुसऱ्याला दिलं असेल का?

मग एका संध्याकाळी चाचांचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"ताई, घुमट खलास."

मी सुटकेचा श्वास सोडला.

"पण टाकी घंटाघरासारखीच पायजे."

"चाचा!"

"ते नंतर भांडू. आधी सांगा, ओट्याची उंची किती ठेवायची? हिचे गुडघे दुखतात. खाली बसली की हिला उठवत नाही, आणि उंच केला तर पाय लोंबकळतील."

घंटाघराचं भांडण मी बाजूला ठेवलं. गुडघ्यामागच्या लवणीपासून जमिनीपर्यंतचं माप घ्या, मी सांगितलं, खुर्चीवर बसवून. त्यांनी फोन कुठेतरी ठेवला. टेपची पट्टी सरसरत बाहेर ओढल्याचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अगं, जरा बस. तशी नाही, नीट. आता ऊठ. दुखलं? मग हा स्टूल बघ. पुन्हा बस."

"यल्ला, पुरे आता!" चाचींचा वैतागलेला आवाज दुरून आला. "अजून किती वेळा उठवशील मला?"

"एकदाच," चाचा म्हणाले. "नंतर त्या ओट्यावरून तुला कोणी उठवणार नाही."

मी पेन्सिल हातात धरून माप ऐकायला थांबले होते.