दोन वर्षांची अट

तिसऱ्या कॅन्डिडेटनेही नकार कळवला, तेव्हा मी एडिसन शहरातल्या आमच्या ऑफिसात डबा खात होते. कारण तेच. गाव आवडलं, पण नवऱ्याला तिथे नोकरी नाही.

मी रिक्रूटर आहे. दवाखान्यांना माणसं शोधून देते. यावेळी नेब्रास्कातल्या एका गावाला फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर हवी होती. ही डॉक्टर नव्हे, पण तपासते, निदान करते, औषधं लिहून देते. गावात सध्या एकच होती, आणि तीच सगळं काही बघायची. रूथ तिचं नाव. ती महिनाअखेरीला रिटायर होणार होती. दुसरी मिळाली नाही तर क्लिनिक बंद, आणि पुढचा दवाखाना सत्तर मैलांवर.

क्लिनिकची मॅनेजर कॅरल रोज फोन करायची. कुणी मिळालं का, एवढंच विचारायची. ते विचारणं मला शिव्यांपेक्षा जड जायचं. शेवटी बॉसला म्हटलं, मी तिथे जाऊन येते. तो म्हणाला, "मीना, प्रॅक्टिशनर काय शेतात उगवतात का?" मी तिकीट काढलं.

क्लिनिकमध्ये पोचले तेव्हा जोआन नावाची नर्स एका आजोबांच्या पायाचं ड्रेसिंग करत होती. अकरा वर्षं इथेच होती. पेशंट रूथइतकंच तिलाही विचारत होते. दुपारी कॉफी घेताना मी सहज म्हटलं, तू का नाही प्रॅक्टिशनरचा कोर्स करत?

"केलाय. ऑनलाइन, चार वर्षं, ड्यूटी सांभाळून. परीक्षा पास झाले, लायसन्सही आलं."

"मग अर्ज का नाही केलास?"

"केला होता. दोन मिनिटांत नकाराची मेल आली."

मी लगेच लॅपटॉप उघडला. आमच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये काही प्रश्न चाळणीचे असतात. उत्तर चुकलं की सॉफ्टवेअरच अर्ज बाद करतं, आम्हाला तो दिसतही नाही. 'प्रॅक्टिशनर म्हणून दोन वर्षांचा अनुभव आहे का?' जोआनने खरं उत्तर दिलं होतं, नाही. ही अट क्लिनिकने घातलीच नव्हती. एका शहरी हॉस्पिटलची जुनी जाहिरात मी कॉपी केली होती, आणि ती अट तशीच राहून गेली होती. शुद्ध आळशीपणा, दुसरं काही नाही.

पण खरा घोळ पुढेच होता. मेल क्लिनिकच्या नावाने गेली होती. जोआनला वाटलं, कॅरलनेच नाकारलं. अकरा वर्षांनंतर, तोंडावर सांगायचंही सौजन्य नाही. तिने ओमाहा शहरातल्या हॉस्पिटलला होकार कळवला होता, शुक्रवारी सही करायची होती. आणि कॅरलला वाटत होतं, पोरगी शिकली, आता शहरात जाणारच, तिला गळ घालून अडवायचं कशाला. दोघी एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे बसून दोन महिने एकमेकींवर रुसलेल्या.

मी दोघींना एका खोलीत बसवलं आणि चूक माझी आहे हे सांगितलं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. कॅरलने खुर्ची जवळ ओढली. मग जोआनला म्हणाली, "मला तूच हवी होतीस. विचारायला धजले नाही."

जोआन लगेच विरघळली नाही. नवीन प्रॅक्टिशनरला सुरुवातीला अनुभवी माणसाची देखरेख लागते. रूथ ती करणार का, हे तिला लेखी हवं होतं. रूथने आठवड्यातून दोन दिवस यायचं कबूल केलं, कागदावर. मग जोआनने ओमाहाला फोन करून नाही सांगितलं. क्लिनिक एक दिवसही बंद राहिलं नाही.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तू आली नसतीस तर मी आयुष्यभर कॅरलला दोष दिला असता."

तेव्हापासून जाहिरात टाकण्याआधी तिचा फॉर्म मी स्वतः भरून बघते, खरी उत्तरं देऊन. गेल्या आठवड्यात आमच्याच ऑफिसला रिक्रूटर हवा होता. त्या फॉर्मने मला बाद केलं.